कुंपणापलीकडचा कॅमेरा

ऑब्री स्टॅगल माझ्या घराच्या मागच्या भिंतीचा फोटो काढताना मला पहिल्यांदा दिसला, तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि माझ्या तोंडात ब्रश होता. मी न्हाणीघराच्या खिडकीत उभी. तो शेजारी स्वतःच्या बागेत, कुंपणाच्या झाडीपाशी, एका पालथ्या बादलीवर चढलेला. झोपायच्या कपड्यांवर कोट चढवलेला. एक फोटो काढला, खाली उतरून वहीत काहीतरी लिहिलं, बादली चार हात पुढे सरकवली आणि पुन्हा चढला. पंचाहत्तरीचा माणूस भल्या सकाळी बादलीवर चढतो तो काही पाखरं बघायला नव्हे.

मी तेव्हाच मनाशी म्हटलं, ग्वेंडा, इथे काहीतरी पाणी मुरतंय.

माझा स्वभाव संशयी आहे असं लोक म्हणतात. माझा नवरा डेनिस होता तेव्हा तोही म्हणायचा, दूधवाल्याने बाटली उशिरा ठेवली तरी तुला त्यात कट दिसतो. म्हणेना का! तो सहा वर्षांपूर्वी गेला आणि तेव्हापासून या घराची राखण मी एकटी करतेय. डोळे मिटून राखण होत नाही.

घराचं नाव ओल्ड टिंबर्स. आमची फेअरमीड वसाहत समुद्राला लागून आहे आणि सगळी घरं एकाच थाटाची: पांढऱ्या भिंती, त्यांवर काळे लाकडी वासे, उतरती छपरं, बारीक चौकटींच्या खिडक्या. बघणाऱ्याला वाटावं, पाचशे वर्षांपूर्वी ट्यूडर राजाच्या एखाद्या सरदाराने बांधली असतील. माझं घर १९२८ साली एका बिस्किटवाल्याने हौसेने बांधलं. वासे म्हणजे विटांवर ठोकलेल्या इंचभर जाडीच्या फळ्या. सत्त्याऐंशीच्या वादळात मागच्या दोन उडून गेल्या, तेव्हा डेनिसने कुंपणाच्या फळ्या काळ्या रंगवून तिथे मारल्या. मागच्या खिडक्या तर चक्क प्लॅस्टिकच्या आहेत, वर शिशाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. हे मी कुणाला सांगत नसे. विचारलं कुणी तर लगेच चहाचं विचारत असे.

त्या उन्हाळ्यात मी घर विकायला काढलं होतं. विक्रीचं काम बघणारी एजंट केझाया नावाची चुणचुणीत मुलगी. तिने जाहिरातीत लिहिलं, 'किनाऱ्यालगतच्या शांत वसाहतीत ऐतिहासिक ट्यूडर शैलीचं घर.'

"ऐतिहासिक कसलं गं?" मी म्हटलं.

"मिसेस प्रिडो, शंभरी भरत आली की त्याची. माझ्या आजीपेक्षा म्हातारं आहे."

"मग आजीलाही ऐतिहासिक म्हणतेस का?"

"तिच्या तोंडावर नाही म्हणत."

घर विकायचं होतं ते थोरासाठी. थोरा माझी थोरली बहीण, ऐंशीची, वर उत्तरेला नॉर्थम्बरलँडच्या किनाऱ्यावर एकटी राहते. मार्चमध्ये ती पडली आणि खुबा मोडला. घरी सोडताना इस्पितळवाल्यांनी स्पष्ट सांगितलं, हिवाळ्याच्या आत कुणी नात्यातलं शेजारी येऊन राहिलं तर ठीक, नाहीतर वृद्धाश्रम. आमची आई अशाच एका ठिकाणी गेली, शेवटच्या दिवशी अंगात कुणा दुसरीचा स्वेटर. तेव्हापासून थोरा त्या जागेला जेवढी भिते तेवढी मरणालाही भीत नाही. तिच्या घरात दुसऱ्या माणसाला जागा नाही, पण शेजारचं बैठं घर विकाऊ होतं. मालकीण तिची मैत्रीण, माझ्यासाठी सप्टेंबरअखेरपर्यंत थांबायला तयार. त्यानंतर नाही. म्हणजे माझ्या हातात जेमतेम एक उन्हाळा होता.

आणि नशिबाने गिऱ्हाईक चांगलं मिळालं. ऑर्मरॉड नवरा-बायको, तीन मुलं, एक ओला कुत्रा. मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवून मोठाल्या काचा बसवायच्या, छपरावर सौरपट्ट्या घालायच्या, असे त्यांचे बेत. मी म्हटलं, हवं तर छपरावर हत्ती बांधा, फक्त वेळेत घ्या. आमच्या देशात सौदा ठरला तरी करारावर सह्या होईपर्यंत कुणी बांधलेलं नसतं. दोन-तीन महिने विकणारा जीव मुठीत धरून बसतो.

वकील मिस्टर बॅसंट यांनी लांबलचक फॉर्म पाठवला होता. त्यात एक प्रश्न असतो: शेजाऱ्यांशी काही वाद किंवा तक्रार आहे का, असल्यास लिहा. मी लिहिलं, 'नाही.' ते खरंच होतं. तीस वर्षांत ऑब्रीशी माझं एका शब्दानेही भांडण झालं नव्हतं. हवापाणी सोडलं तर बोलणंही झालं नव्हतं म्हणा.

तोच ऑब्री आता बादलीवर चढत होता.

आठवड्याभराने तो गूजबेरीच्या मुरंब्याची बरणी घेऊन कुंपणापाशी आला. तीस वर्षांत त्याने मला एक शेंग दिली नव्हती. मी कान टवकारले.

"छान ऊन पडलंय," तो म्हणाला.

"छानच. उद्या पाऊस सांगितलाय."

"थोराबाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत." थोरा दर उन्हाळ्यात माझ्याकडे पंधरा दिवस यायची, तेवढी त्याला ठाऊक. पण ही चौकशी मला खटकली. पुढचं गिळवण्यासाठी आधी साखर पेरतात, तशी.

"हं. त्या मागच्या खिडक्या... कोणत्या साली बदलल्यात तुम्ही?"

"कुठल्या खिडक्या?"

"त्या... हलक्या." त्याला प्लॅस्टिक हा शब्द उच्चारवला नाही. "चौऱ्याण्णवला ना? मी राहायला आलो तेव्हा परांची बांधली होती."

"माहीत आहे तर विचारता कशाला?"

"खात्री केलेली बरी," तो म्हणाला आणि बरणी माझ्या हातात देऊन निघून गेला. मुरंबा मी उघडला नाही.

जुलैच्या मध्यावर जुन्या वास्तूंची सरकारी यादी करणाऱ्या कचेरीचं पत्र आलं. माझं घर संरक्षित यादीत घ्यावं असा अर्ज आला आहे, त्यावर विचार चालू आहे, अर्जदाराचं नाव गुप्त ठेवण्यात येत आहे. मी खुर्चीत बसून ते तीनदा वाचलं. आमच्याकडे कुणीही उठून दुसऱ्याच्या घरासाठी असा अर्ज करू शकतो. मालकाला विचारायची गरज नसते. एकदा घर यादीत गेलं की परवानगीशिवाय खिळा हलवता येत नाही. ऑर्मरॉडांचं स्वयंपाकघर गेलं, सौरपट्ट्या गेल्या, म्हणजे ऑर्मरॉडही गेले. आणि थोरा? ती कुठे जाणार ते ठरलेलंच होतं.

अर्ज कुणी केला ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. गावच्या इतिहास मंडळाचा चिटणीस कोण, तर ऑब्री स्टॅगल, निवृत्त भूगोल शिक्षक. स्वयंपाकघर वाढलं तर सावली कुणाच्या काचघरातल्या टोमॅटोंवर पडणार, तर त्याच्याच. चार टोमॅटोंसाठी माझ्या बहिणीला वृद्धाश्रमात ढकलायला निघाला होता! माझं डोकं असं भणाणलं की हातातला कप सांडला.

त्याचं दार माझ्या दारापासून पंचवीस पावलांवर आहे. जाऊन विचारता आलं असतं. पण आमच्यात तसं करत नाहीत. शेजाऱ्याला तोंडावर असलं काही विचारणं म्हणजे त्याला भर रस्त्यात कपडे उतरवायला सांगणं. आमच्यात आधी हवेबद्दल बोलतात, मग काही दिवस अजिबात बोलत नाहीत, आणि अगदीच असह्य झालं की पत्र लिहितात.

तरी मी थांबले होते. पण त्या शुक्रवारी मी किराणा घेऊन परत आले, तर ऑब्री माझ्या आवारात. मागच्या भिंतीपाशी गुडघ्यावर बसलेला, हातात चाकू, आणि डेनिसने मारलेल्या फळीची एक ढलपी काढतोय.

"ऑब्री! काही हरवलंय का?"

तो दचकून उठला, तसे गुडघे कडाकडा वाजले. "नाही, नाही. मांजर बघत होतो."

"तुमच्याकडे मांजर नाही."

"तरीच सापडत नाहीये," तो म्हणाला, कानापर्यंत लाल झाला, ढलपी खिशात घातली आणि कुंपणाच्या फटीतून आपल्या बाजूला गेला. जाताना म्हणाला, "उद्या पाऊस पडेल बहुतेक."

मी किराणा तसाच टाकून पत्र लिहायला बसले. 'प्रिय मिस्टर स्टॅगल' असा मायना घातला, कारण राग आला म्हणून रीत सोडायची नसते. लिहिलं, की तुम्ही गेले कित्येक आठवडे माझ्यावर पाळत ठेवून आहात, माझ्या घराचे चोरून फोटो काढता, आणि आज तर हातात चाकू घेऊन माझ्या आवारात शिरलात. एकट्या बाईला या वसाहतीत सुरक्षित वाटत नाही. केलेला अर्ज ताबडतोब मागे घ्या आणि हे प्रकार थांबवा. 'चाकू' या शब्दाखाली रेघ मारली. एक प्रत त्याला रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि दुसरी वसाहतीच्या रहिवासी मंडळाला, नोंद राहावी म्हणून. टपाल कचेरीतली बाई म्हणाली, "अगं, स्टॅगल म्हणजे तुझ्या शेजारचाच ना? चार पावलांवरच्या घराला रजिस्टर?" मी म्हटलं, "पावती दे."

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्या दिवशी मी दोन अंडी उकडून खाल्ली.

ऑब्रीचं उत्तर आलं नाही. कॅमेरा दिसेनासा झाला, बादली जागेवर गेली. कुंपणापाशी समोरासमोर आलो की तो मान हलवायचा आणि टोमॅटोंकडे बघायचा. मी समजले, चोर पकडला गेलाय.

आणि ऑगस्ट संपता संपता त्या कचेरीचं दुसरं पत्र आलं: तुमचं घर यादीत घेण्याच्या योग्यतेचं नाही, प्रकरण बंद. योग्यतेचं नाही हे वाचून माझा जरा अपमान झाला, पण लगेच मी हसले. माझ्या पत्राने घाबरून अर्ज मागे घेतला असणार! थोराला फोन करून सांगितलं, "सह्या एकोणीस तारखेला. खोके भरायला लागलेय मी."

"खरंच गं?" ती म्हणाली. एवढंच, पण तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

अकरा सप्टेंबरला मिस्टर बॅसंटचा फोन आला.

"मिसेस प्रिडो, एक अडचण झालीये. फेअरमीडचे रस्ते खासगी, रहिवासी मंडळाच्या ताब्यातले आहेत, म्हणून समोरच्या वकिलांनी मंडळाकडून कागद मागवले होते. त्यांत तुमचं एक पत्र निघालं."

"कसलं पत्र?"

"शेजाऱ्याविरुद्धचं. फॉर्ममध्ये तुम्ही वाद नाही असं लिहिलंय."

"फॉर्म भरला तेव्हा नव्हताच वाद!"

"मग झाला तेव्हा मला कळवायचं होतंत. ऑर्मरॉड म्हणतात, बाईंनी ही गोष्ट दडवली, मग अजून काय काय दडवलं असेल? छप्पर, पाया, कशावर विश्वास ठेवायचा? आणि दुसरं म्हणजे, त्यांची तीन लहान मुलं आहेत. चाकू घेऊन आवारात शिरणाऱ्या माणसाशेजारी राहायला ते तयार नाहीत."

"अहो, तो पेन्सिलीला टोक करायचा चाकू होता! एवढासा!"

"पत्रात तसं लिहिलेलं नाही, मिसेस प्रिडो. पत्रात 'चाकू' लिहिलंय. खाली रेघ मारून."

ऑर्मरॉडांनी माघार घेतली होती.

फोन ठेवला आणि मी तशीच, घरातल्या चपलांनी, पंचवीस पावलं चालून गेले. ऑब्रीने दार उघडलं. माझा चेहरा बघून तो हवेबद्दल काही बोलला नाही.

"का केलात अर्ज?" मी दारातच विचारलं. तीस वर्षांतला माझा त्याला पहिला सरळ प्रश्न.

"मी नाही केला," तो म्हणाला. "आत या, ग्वेंडा."

जेवणाच्या टेबलावर त्याने एक फाईल उघडली. जिल्ह्याच्या कुठल्याशा संस्थेने किनाऱ्यावरच्या या शैलीच्या सगळ्या घरांची यादी करून ढीगभर अर्ज एकदम टाकले होते. फेअरमीडची अकरा घरं होती, त्यांत माझं. कुणाचंच माझ्याशी वाकडं नव्हतं, कुणाला माझं नावही माहीत नव्हतं. गावचा चिटणीस म्हणून ती यादी ऑब्रीकडे आली. आणि त्याने बेचाळीस फोटो, खिडक्यांचं साल, फळ्यांची मापं आणि लाकडाची एक ढलपी जोडून कचेरीला लिहिलं, की ओल्ड टिंबर्समध्ये जुनं असं काही उरलेलं नाही, वासे फळ्यांचे आहेत, त्यातले दोन कुंपणाचे आहेत, कृपया हे घर वगळावं. अकरांपैकी वगळलेलं घर एकच. माझं.

"तुमचं घर किती खोटं आहे ते सिद्ध करायला मला महिना लागला," तो म्हणाला. "लाकूड पाइनचं आहे हे मला बघूनच कळलं होतं, पण त्यांना नमुना हवा होता."

"पण का? तुम्हाला काय पडलं होतं?"

"थोराने सांगितलं."

"थोराने?"

"आम्ही दर रविवारी सकाळी फोनवर शब्दकोडं सोडवतो. अकरा वर्षं झाली." तो फाईलचे कोपरे जुळवत राहिला. "यादी हाती आल्याबरोबर मी तिला सांगितलं. म्हणाली, काहीतरी करा, पण ग्वेंडाला सांगू नका, ती घाबरून घोळ घालेल."

अकरा वर्षं! मी दूधवाल्याची बाटली कोणत्या मिनिटाला येते ते सांगू शकते, आणि माझी सख्खी बहीण शेजाऱ्याशी दर रविवारी बोलते हे मला ठाऊक नव्हतं. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही जरासा रागच आला, दोघांनी मिळून मला बाहेर ठेवलं म्हणून.

"माझं पत्र आल्यावर तरी बोलायचं होतंत!"

"पत्रात थांबा म्हटलं होतं. काम झालंच होतं, थांबलो." मग म्हणाला, "मी ते फाडून टाकलं, ग्वेंडा. माणूस धास्तीत काहीही लिहितो. त्याची दुसरी प्रत गेलीये हे मला माहीत नव्हतं."

"आधी सांगितलं असतंत, तर मी लिहिलंच नसतं."

"तुमच्या खिडक्या प्लॅस्टिकच्या आहेत," तो कळवळून म्हणाला, "हे तुमच्या तोंडावर कसं बोलणार होतो मी?"

त्याने ऑर्मरॉडांना पत्र लिहिलं, मीही लिहिलं. मिस्टर बॅसंटनी दोन्ही पाठवली. केझाया स्वतः जाऊन त्यांना भेटली. परत येऊन म्हणाली, "मिसेस प्रिडो, स्टॅगल चांगला माणूस आहे हे त्यांनी मान्य केलं. पण मग ते म्हणाले, चांगल्या शेजाऱ्याबद्दल असं लिहिणाऱ्या बाईंनी घराबद्दल काय लिहिलं असेल?" दुसरी दोन गिऱ्हाईकं येऊन बघून गेली, परत आली नाहीत. उत्तरेचं बैठं घर तीस तारखेला एका निवृत्त दंतवैद्याने घेतलं.

त्याच दिवशी दुपारी मी थोराला फोन केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. पत्रही वाचून दाखवलं. चाकूपाशी आल्यावर ती हसली, हसता हसता खोकली.

"तू त्याला विचारलं का नाहीस गं?" ती म्हणाली.

"माफ कर मला," मी म्हटलं.

"मंगळवारी येणारे गाडी मला न्यायला. खोली बघून आले काल. बरी आहे. समुद्र नाही दिसत, गाड्या लावायची जागा दिसते."

"थोरा..."

"बरंच आहे की. कोण आलं, कोण गेलं, कळेल."

"मी दर महिन्याला येईन. आणि घर विकलं की कायमची येईन, लगेच तुला तिथून बाहेर काढीन. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय गं."

"खरंच येईन. तुला शंका येतेय का माझी?"

"छे," थोरा म्हणाली. "शंका कसली? तू येशीलच."

जन्मभर मी माणसांच्या बोलण्यात खोट शोधत आले, आणि बहुतेक वेळा ती तिथे नव्हती. या खेपेला होती. माझी बहीण माझं मन राखायला खोटं बोलत होती.